गाडीचे खांदे सांभाळा

पाऊस ओसरू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. जून-जुलैत पापडांना आलेली बुरशी, कपाटातल्या शालूला येणारा कुबट वास, न वाळणारे कपडे, असे विषय असतात. नवरात्राच्या सुमारास गाड्यांच्या तक्रारी सुरू होतात. चार महिने खड्ड्यांतून आणि चिखलातून गेलेली गाडी आता कुठे कुरकुरायला लागते. यंदाच्या पत्रांतलं चिखलीच्या एका भगिनींचं पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं. त्यांचा प्रश्न भोसरी, मोशी, चाकण, तळेगाव या रस्त्यांनी रोज येजा करणाऱ्या कितीतरी घरांचा आहे.

या ताई चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतात. पाळीची नोकरी. लहान गाडी बारा वर्षांची, सेकंडहँड घेतलेली, पण स्वतःच्या पैशाने. सकाळी जाताना मुलीला शाळेत सोडायचं, येताना सासूबाईंना दवाखान्यातून आणायचं, सगळं त्या गाडीवर. गेल्या सहा महिन्यांत दोनदा अलाइनमेंट केलं तरी पुढचा डावा टायर आतल्या अंगाने झिजतोच आहे. वळताना ‘कट’ असा आवाज येतो. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, ‘‘वहिनी, एप्रन सडलाय.’’

मग घरात तीन मतं झाली. यजमान म्हणतात, थोडी पुटी आणि रंग मारून दिवाळीआधी गाडी विकून टाकू. त्यांचे मित्र म्हणतात, बाजारात एक दांडी मिळते, दोन्ही बाजूंना जोडणारी, ती बसवली की झालं. मेकॅनिक म्हणतो, सडलेला पत्रा कापून नवा बसवावा लागेल, आठवडा लागेल आणि खर्चही बराच येईल. ताई विचारतात, ‘‘तिघांपैकी कोणाचं ऐकू? आणि ही जागा आधीच मजबूत करून घेता आली असती का?’’

आधी ही जागा कोणती ते समजून घेऊ या. गाडीचं इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, दांडी नीट टेकवा. मागच्या बाजूला, काचेच्या जवळ, डावीकडे आणि उजवीकडे पत्र्याचा एकेक उंचवटा दिसेल, पालथ्या वाटीसारखा. त्याच्यावर दोन-तीन नट असतात, मध्ये एक मोठा नट किंवा रबराची टोपी. काही नव्या गाड्यांत हा भाग वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली दडलेला असतो. या वाटीच्या खाली पुढच्या चाकाची स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळकांड्यात बसवलेली असतात. त्या नळकांड्याला स्ट्रट म्हणतात, म्हणून या उंचवट्याला स्ट्रट टॉवर. गॅरेजमध्ये आजूबाजूच्या पत्र्यासकट सगळ्यालाच ‘एप्रन’ म्हणतात. मी याला गाडीचा खांदा म्हणते. कावडीचं ओझं जसं खांद्यावर येतं, तसा पुढच्या चाकाचा प्रत्येक धक्का इथे येऊन पोचतो.

पूर्वीच्या सगळ्याच गाड्या अशा नव्हत्या. अँबॅसिडरच्या पुढच्या चाकांना पीळ खाणाऱ्या लांब सळ्या होत्या आणि धक्का खालच्या मजबूत भागात घेतला जाई. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन इंजिनियराने दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्ट्रटची रचना बसवली, आणि फोर्ड कंपनीच्या १९५० च्या सुमाराच्या गाड्यांतून ती रस्त्यावर आली. सुटे भाग कमी, जागा कमी लागते, किंमतही कमी. लहान गाडीला आणखी काय हवं? आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तिला पुढे हीच रचना होती. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंडिकालाही हीच. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तिथे तयार झालेल्या पोलोलाही हीच. थोडक्यात, आपल्या पट्ट्यात बनलेल्या आणि आपल्या पट्ट्यात फिरणाऱ्या लहान गाड्यांचा भार याच दोन वाट्यांवर आहे.

आता भार म्हणजे किती? लहान गाडी आठशे ते हजार किलोची. इंजिन पुढे असल्यामुळे निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे उभ्या गाडीतसुद्धा प्रत्येक खांद्यावर अडीचशे ते तीनशे किलो. चाक खड्ड्यात आपटलं की क्षणभर हाच भार तिप्पट होतो. कारखानेदार हे धरूनच पत्रा घेतात. दाराचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, खांद्याचा त्याच्या दुप्पट किंवा अधिक. म्हणून चांगल्या स्थितीतला खांदा वर्षानुवर्षं टिकतो. तो बिघडतो तो दोन कारणांनी, आणि बहुधा दोन्ही हातात हात घालून येतात.

पहिलं कारण गंज. गाडीचे पत्रे एकमेकांवर ठेवून विजेच्या ठिपक्यांनी जोडलेले असतात. आपण रजई शिवताना अंतराअंतरावर टाके घालतो ना, तसंच. एका गाडीला असे हजारो ठिपके लागतात. ठिपका आणि ठिपका यांच्यामध्ये पत्र्याच्या दोन थरांत बारीक फट असते, तिच्यावर कारखान्यात एक रबरासारखा लेप भरतात. चाकाने उडवलेला खडा त्या लेपाला लागला, लेपाला चीर पडली, की चिखलाचं पाणी आत शिरतं आणि तिथेच बसून राहतं. वरून रंग सुंदर दिसतो, आतून पत्रा पापुद्रे सोडत असतो. झिंक चढवलेला पत्रा असेल तर गंज उशिरा येतो, पण कडेला आणि भोकांपाशी येतोच. जुनी गॅल्वनाइझची बादली आठवा, ती पहिल्यांदा सांध्यापाशीच गळते.

दुसरं कारण मार. खड्डे आहेतच, पण माझा जास्त राग गतिरोधकांवर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप ठरवून दिलं आहे : १७ मीटर त्रिज्येचा गोलावा, रुंदी ३.७ मीटर आणि उंची फक्त १० सेंटीमीटर. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी त्यावरून सुखाने जावी असा हिशेब. रुंदी पाहिलीत ना? एका पलंगाच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट! आणि आपल्या सोसायट्यांच्या दारात काय असतं? उरलेलं काँक्रीट ओतून केलेला, हातभर रुंदीचा बांध. त्यावर चाक चढत नाही, आदळतं. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोन तास भांडण होतं, पण या बांधावर कोणी बोलत नाही. पुढच्या सभेला मोजपट्टी घेऊन जा. रस्त्यावरचा असेल तर महापालिकेची ‘सारथी’ मदतवाहिनी २०१३ पासून आहे, तिथे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

मार बसत राहिला आणि मधलं रबर झिजलेलं असलं की खांद्याचा माथा हळूहळू वर फुगतो. फुगल्यावर चाकाचा कल बदलतो. चाक वरून आतल्या बाजूला झुकतं, म्हणून टायर आतल्या कडेने झिजतो. चिखलीच्या ताईंनी नेमकं हेच लिहिलं आहे. दोनदा अलाइनमेंट करूनही टायर तसाच झिजतो याचा अर्थ दोष चाकात नाही, चाक ज्याला टांगलंय त्याच्यात आहे. बहुतेक लहान गाड्यांत हा कल फिरवून जुळवायची सोयच नसते, त्यामुळे अलाइनमेंटवाला कितीही प्रामाणिक असला तरी तो हात टेकणारच. (खालचा आर्म वाकला असला तरीही टायर असाच झिजतो, तेव्हा तोही बघायला सांगा.)

हे फक्त स्वस्त गाड्यांना होतं असं समजू नका. १९९८ साली आलेल्या बी.एम.डब्ल्यू.च्या थ्री सिरीज गाडीचे खांदे असेच वर फुगतात, ही तिच्या मालकांत जगभर गाजलेली तक्रार आहे. तिकडे लोक माथ्याला पोलादी चकती लावून घेतात. तेव्हा चाकणच्या रस्त्यावर आपल्या गाडीचं असं झालं म्हणून कानकोंडं व्हायचं कारण नाही.

आता घरच्या घरी काय तपासता येईल? पुष्कळ. त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. लागतात टॉर्च, शिंप्याची टेप, आणि फ्रिजवर चिकटवायचा लोहचुंबक.

लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत. खांद्याभोवती हळूहळू फिरवा. खाली पत्रा असेल तर तो ओढून धरतो. जिथे पुटी भरली असेल, म्हणजे रंगारी जिला लांबी म्हणतात ती, तिथे चुंबक सैल पडतो किंवा निसटतो. जुनी गाडी घेताना तर ही परीक्षा नक्की करा. विकणाऱ्याला वाईट वाटलं तर वाटू दे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पाहा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. नारळ आणि मडकं वाजवून घेणाऱ्या बाईला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

टॉर्चच्या उजेडात डावी-उजवी बाजू ताडून पाहा. नटांभोवती रंगाला केसासारख्या भेगा, सांध्यातून ओघळलेली तांबूस रेघ, लेपाला पडलेली चीर, माथ्यावर आडवी पट्टी ठेवली तर मध्ये डुगडुगणारा फुगवटा, यांतलं काहीही दिसलं तर खूण समजा. नंतर सपाट जागी हँडब्रेक लावून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि चाकाच्या कमानीत बाहेरूनच टॉर्च मारा.

टेपने डाव्या खांद्याच्या एका नटापासून उजव्या खांद्याच्या तशाच नटापर्यंतचं अंतर मोजा आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. मोजण्यात एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतात, पण चार-पाच मिलिमीटरचा फरक आला तर गाडी दाखवायला न्या. तिरकी मापंही घ्या : डाव्या खांद्यापासून पुढे उजवीकडच्या एखाद्या पक्क्या बोल्टपर्यंत, आणि उजव्या खांद्यापासून डावीकडच्या जोडीच्या बोल्टपर्यंत. चादर चौकोनी कापली गेली का हे आपण कर्ण जुळवून बघतोच, तसंच हे. दोन्ही मापं सारखी यायला हवीत.

मात्र एक गोष्ट कृपा करून करू नका, आणि घरातल्या उत्साही मुलालाही करू देऊ नका. वाटीच्या मधोमध असलेला मोठा नट सोडायचा नाही. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग असते. ती आवळून धरायचं खास अवजार लावल्याशिवाय तो नट सुटला तर स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. यात माणसं जायबंदी झाली आहेत, मेलीही आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालणं हाही तसाच वेडेपणा.

आता मजबुतीकडे वळू. ताईंच्या यजमानांच्या मित्रांनी सांगितलेली ती दांडी. तिला स्ट्रट बार म्हणतात, ती दोन्ही खांद्यांना आडवी जोडते. वळताना खांदे एकमेकांकडे झुकू पाहतात, ते ती अडवते. शर्यतीच्या गाड्यांना तिचा उपयोग चांगला होतो. पण खड्ड्याचा धक्का येतो खालून वर, त्याला ही आडवी दांडी फारशी काही करत नाही. गंजाला तर काहीच करत नाही. उलट, एका बाजूला जोराचा मार बसला की थोडा दुसऱ्या बाजूलाही पोचवते. सडलेल्या खांद्यावर दांडी बसवणं म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नवं कुलूप लावण्यासारखं आहे. खांदे निरोगी असले आणि हौस असली तर बसवा. मग ती एकसंध, सरळ असावी. दोन्ही टोकांना बिजागरीसारखे सैल सांधे असलेली, चकचकीत रंगाची दांडी नुसती दिसायला असते. बॉनेट बंद होतं की नाही हेही आधी पाहा.

दुसरा उपाय म्हणजे चकती. दोन-तीन मिलिमीटर जाड पोलादाची चकती माथ्याच्या वर किंवा खाली, त्याच नटांत बसवतात. तीन नटांपाशी एकवटणारा भार ती साऱ्या माथ्यावर पसरवते. आपण ब्लाऊजच्या हुकाखाली कापडाची दुहेरी पट्टी देतो ती कशासाठी? तसंच. माथा फुगायला नुकती सुरुवात झाली असेल किंवा रोजचा रस्ताच वाईट असेल, तर हा उपाय मला पटतो. मात्र चकतीच्या जाडीइतका बोल्ट आत जातो, तेव्हा नटाला पुरेसे आटे उरतात ना ते बघायचं, आणि नंतर अलाइनमेंट करायचं.

तिसरा उपाय वेल्डिंगने पट्ट्या जोडण्याचा. इथे कारागीर जाणता हवा. आपल्याला शिवणातला नियम माहीत आहे : विरलेल्या जागेपुरतंच ठिगळ लावलं तर कापड ठिगळाच्या कडेला फाटतं. ठिगळ चांगल्या कापडापर्यंत न्यावं लागतं आणि कोपरे गोल करावे लागतात. पत्र्यालाही हाच नियम, अगदी शब्दशः. जाड पट्टी पातळ पत्र्यावर मध्येच, चौकोनी कोपऱ्याने संपली की पुढची चीर त्या कोपऱ्यातूनच सुरू होते. पट्टी चांगल्या पत्र्यापर्यंत, शक्यतो जिथे दोन थर आहेत त्या सांध्यापर्यंत न्यायला सांगा. ‘‘जितकं जाड तितकं चांगलं’’ म्हणणाऱ्या कारागिराला दुरून नमस्कार करा.

आता चिखलीच्या ताईंच्या गाडीचं. त्यांच्या खांद्याला भोक पडलंय, मेकॅनिकचा स्क्रूड्रायव्हर आत गेला असं त्या लिहितात. इथे मजबुतीची वेळ निघून गेलेली आहे. मेकॅनिकचंच ऐका, ताई. सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून कंपनीचा नवा एप्रन बसवणं हाच रस्ता. पण कामाला ‘हो’ म्हणण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्या, आणि कागदावर लिहून घ्या.

वेल्डिंग सीओटूचं असावं, गॅसच्या शेगडीसारख्या ज्योतीचं नको. ज्योतीने भोवतालचा बराच पत्रा तापतो, मऊ पडतो आणि लवकर गंजतो. टाके थोडे थोडे, थंड होऊ देत घालायचे. काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढायची, एअरबॅग आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची जोडणी सोडवायची, पेट्रोलच्या नळ्या झाकायच्या, जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवायचं. नवा पत्रा जोडण्याआधी दोन्ही खांद्यांमधली मापं घ्यायला सांगा, आणि जोडताना पुन्हा घ्यायला सांगा. एकदा वाकडं जोडलं की ते कायमचं वाकडं. अपघाताच्या गाडीतून कापलेला तुकडा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं ते वेल्डिंगनंतरचं, कारण तिथेच हात आखडतात. वेल्डिंगच्या उष्णतेने झिंक जळून जातं. कल्हई उडालेल्या पातेल्यात आपण ताक ठेवू का? तसाच तो पत्रा उघडा पडतो. त्यावर झिंकचा प्रायमर, सांध्यात लेप, मग रंग, आणि आतल्या पोकळीत मेणाचा फवारा, एवढं झाल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो मागा : कापल्यानंतर, जोडल्यानंतर, प्रायमरनंतर. फोटो मागणारी बाई कटकटी वाटते खरी, पण तिचं काम नीट होतं. खांदा उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग रबर, बेअरिंग आणि बंप स्टॉपर नवे घाला. त्या ‘कट’ आवाजाचं मूळ बहुधा याच बेअरिंगमध्ये निघेल. दोन्ही बाजूंचे बदला, एकीकडचे नको. शेवटी अलाइनमेंटचा छापील कागद घ्या.

या कामाला विम्याचे पैसे मिळतील का, असंही ताई विचारतात. झीज आणि गंज नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. एखाद्या मोठ्या खड्ड्यात आदळून एकाएकी मोडतोड झाली तर ती अपघातात धरली जाऊ शकते, पण तेव्हा तिथल्या तिथे फोटो काढून लगेच कळवावं लागतं.

खर्च मोठा आहे हे खरं. गाडी बारा वर्षांची आहे, पंधरा वर्षांनी आर.टी.ओ.कडे तपासून पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यावी लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल. तेव्हा दुसरी बाजूही दाखवा. उजवा खांदा, दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकाच्या कमानी हेही सडले असतील तर या गाडीत पैसे घालू नका, भंगारातच द्या. डावा खांदाच गेला असेल आणि इंजिन चांगलं असेल, तर दुरुस्ती फायद्याची. नव्या गाडीचे हप्ते आणि हा एकरकमी खर्च एका कागदावर समोरासमोर मांडून बघा. आणि हिशेबात रिक्षाचे पैसे, चुकलेली बस आणि रात्रपाळीनंतर चौकात उभं राहणं हेही धरा. ते यजमानांच्या हिशेबात धरलेलं दिसत नाही.

राहिला पुटी मारून विकण्याचा विचार. यजमानांना मी काही दुष्ट म्हणत नाही, असं सर्रास चालतं. पण सडलेला खांदा एखाद्या जोराच्या धक्क्यात निखळला तर चाक वाकडं होतं आणि गाडी चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. ती गाडी दिवाळीत कोणीतरी घेईल, बायकोमुलांना बसवून नाशिक रस्त्याला लागेल. ताईंनीच पत्रात लिहिलंय, ‘‘माझं कामच खराब माल बाजूला काढायचं आहे.’’ मग उत्तर त्यांना ठाऊकच आहे. विकायची असेल तर दुरुस्त करून बिलासकट विका, नाहीतर दोष सांगून कमी पैशात विका.

यजमानांना पटवणं जड जात असेल तर एक आठवण सांगते. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नयेत अशी ओळ होती. सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना सरळ पत्र टाकलं आणि नोकरी मिळवली. त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात अलीकडे मोठ्या गाड्यांच्या जोडणीची एक अख्खी रांग बायकांच्या हाती दिली गेली. तेव्हा ‘‘गाडीतलं तुला काय कळतं’’ हे वाक्य निदान चिंचवड-चाकणात तरी कोणी उच्चारू नये.

ज्यांच्या गाड्यांचे खांदे अजून शाबूत आहेत त्यांनी काय करावं? गतिरोधकाच्या आधी ब्रेक दाबून वेग कमी करा, पण चाक प्रत्यक्ष चढताना ब्रेक सोडून द्या. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली जातं, स्प्रिंग आधीच दबते, आणि मग धक्का थेट खांद्याला बसतो. गतिरोधकाच्या कडेच्या फटीतून एकच चाक काढायची हुशारी करू नका, त्याने गाडी पिळवटते. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी, दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे. कमी नको, जास्तही नको. फुगलेला टायर धक्का गिळत नाही, वर पाठवतो. शॉकअपवरून तेल ओघळलेलं दिसलं की चालढकल करू नका, कारण मेलेल्या शॉकअपची किंमत शेवटी खांदाच मोजतो.

आणि दर पावसाळ्यानंतर, म्हणजे आत्ताच, पाण्याच्या पाइपने चाकांच्या कमानी आतून धुवा. वरच्या बोळकांडीत सुकलेला चिखल बोटाने काढा. महिनोन्महिने ओलं धरून ठेवणारा पोटीसच असतो तो. गाडी गुलमोहराखाली किंवा कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर वायपरखालच्या जाळीत पानं साचतात, कुजतात आणि पाणी जायची भोकं बुजतात. मग ते पाणी खांद्याच्या मागच्या सांध्यात मुरतं. जुन्या टूथब्रशने आणि झाडूच्या हिराने भोकं मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडतंय ना ते वाकून बघा. लेपाला बारीक चीर दिसली तर दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधण्याआधी ती बुजवून घ्या. त्या वेळी हे काम तासाभराचं आणि थोडक्या पैशाचं असतं.

वाकडच्या भगिनींनी सीटवर सांडलेल्या दुधाच्या वासाबद्दल विचारलं आहे, त्याविषयी पुढच्या अंकात. तोवर खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरून रात्रभर ठेवा आणि काचा बोटभर उघड्या ठेवा.